छळाला कायद्याचे उत्तर : वसतिगृह, मोबाईल आणि आपली मुले

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास आपल्या विद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. पण त्या इतिहासातील तारखांचा क्रम फारसा कोणी पाहत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास अनुसरून आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही पुढील तीन वर्षे त्या तळ्याचे पाणी कोणा अस्पृश्याच्या ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले, तेव्हा कागदावरचा हक्क प्रत्यक्षात उतरला. परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी आपल्या संतप्त माणसांना प्रतिहल्ल्यापासून आवरले आणि लढा न्यायालयाच्या मार्गाने चालविला. तळे खाजगी असल्याचा प्रतिपक्षाचा दावा दहा वर्षे चालला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

या क्रमातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. कायदा झाला म्हणजे न्याय मिळाला असे होत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने उठून तो कायदा वापरावा लागतो. आणि जो उठतो त्याच्या हाती पुरावा व अंगी चिकाटी असावी लागते. आज आपल्या मुलांवर होणारा एक अन्याय असाच आहे. त्याविरुद्ध कायदे पुष्कळ आहेत, पण ते वापरणारे फार थोडे. तो अन्याय म्हणजे वसतिगृहात, वर्गात आणि आता मोबाईलवर होणारा छळ.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागातून, भीमाशंकरच्या रांगेखालच्या वाड्यावस्त्यांतून महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजांची मुले निवासी शाळांत येतात. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून बौद्ध व मातंग समाजाची मुले येतात. पूर्वेकडील बागायती गावांतून शेतमजुरांची मुले येतात. घर सोडून आलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला कोणी भाषेवरून, कोणी रंगावरून, कोणी आडनावावरून चिडवले, त्याच्या ताटातले काढून घेतले, रात्री त्याला पाय चेपायला लावले, तर ते मूल बहुधा बोलत नाही. बोललेच तर मोठी माणसे म्हणतात, "पोरांचे चालायचेच." पूर्वी सुट्टीत घरी गेल्यावर त्या मुलाला निदान थोडी उसंत मिळे. मोबाईल आल्यापासून तीही गेली. चिडवणारे आता त्याच्यासोबत घरापर्यंत जातात.

छळ कशाला म्हणावे?

मित्रांची थट्टा आणि छळ यांत फरक आहे. थट्टा दोन्ही बाजूंनी होते आणि "पुरे" म्हटले की थांबते. छळ बळकटाकडून दुबळ्याचा होतो आणि थांबवायला सांगूनही थांबत नाही. बौद्ध परंपरेने असत्य, चहाडी, कठोर बोलणे व निरर्थक बडबड असे वाणीचे चार दोष सांगितले आहेत. आजच्या मोबाईलवरील छळात हे चारही सापडतात : खोटे अकाउंट, पाठीमागची बदनामी, शिवीगाळ आणि रात्रभर चालणारी ग्रुपवरची चेष्टा.

आपल्या कायद्यात 'बुलिंग' या नावाचा एकच स्वतंत्र गुन्हा नाही. म्हणून अनेकांचा समज होतो की कायद्यात काही तरतूदच नाही. खरी गोष्ट अशी की, कृत्य कोणते आहे त्यावर कोणता कायदा लागू होईल हे ठरते. तक्रार करताना "मला त्रास दिला" एवढेच लिहून भागत नाही. कोणी, केव्हा, कोठे, कोणासमोर आणि नेमके काय केले, काय म्हटले, हे लिहिले की योग्य कलम आपोआप पुढे येते.

वसतिगृह आणि १९९९ चा कायदा

'महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९' हा कायदा केवळ वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी आहे, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. त्यातील शैक्षणिक संस्थेची व्याख्या व्यापक आहे. शिक्षण देणारी कोणत्याही नावाची संस्था, अनाथालय, बोर्डिंग आणि वसतिगृह यांचाही तिच्यात समावेश होतो. रॅगिंगची व्याख्याही तेवढीच व्यापक आहे. विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक इजा होईल, भीती, लाज वा संकोच वाटेल असे वर्तन. चिडवणे, शिव्या देणे, धमकावणे. आणि तो एरवी स्वखुशीने करणार नाही असे काही त्याला करायला लावणे, हे सारे तिच्यात येते. संस्थेच्या आवारात असो वा बाहेर, मनाई दोन्हीकडे आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढून टाकले जाते आणि पाच वर्षे अन्य संस्थेत प्रवेश मिळत नाही.

या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद संस्थाप्रमुखाविषयी आहे. विद्यार्थी, त्याचे पालक किंवा शिक्षक यांनी लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी केली पाहिजे. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर आरोप असलेल्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार ताबडतोब पोलीस ठाण्याकडे पाठविली पाहिजे. तथ्य नसेल तर तसे तक्रारदाराला लेखी कळविले पाहिजे. जो संस्थाप्रमुख हे करण्यात कसूर करतो, त्याने स्वतः त्या गुन्ह्यास प्रोत्साहन दिले असे कायदा मानतो.

या तरतुदीचे मोल किती, हे डॉ. पायल तडवी यांच्या प्रकरणावरून कळते. जळगावच्या तडवी भिल्ल आदिवासी समाजातील ही मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिचा मृत्यू झाला. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर आत्महत्येस प्रवृत्त करणे, अत्याचार प्रतिबंध कायदा आणि हाच १९९९ चा कायदा यांखाली गुन्हा नोंदला गेला. आरोपांचा निर्णय करणे हे न्यायालयाचे काम आहे. त्याविषयी आपण बोलणे योग्य नाही. मात्र छळाबद्दल आपण आधीच वरिष्ठांना सांगितले होते, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. पायलची आई आबेदा तडवी यांनी त्याच वर्षी रोहित वेमुला याची आई राधिका वेमुला यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. उच्च शिक्षणसंस्थांतील जातीय भेदभाव रोखणारी यंत्रणा कागदावर न राहता चालती व्हावी, ही त्यांची मागणी होती.

पालकांनी यातून एक गोष्ट मनाशी पक्की करावी. तोंडी सांगितलेल्या तक्रारीची नोंद राहत नाही आणि सात दिवसांची मुदतही सुरू होत नाही. तक्रार साध्या कागदावर असली तरी चालेल. पण ती दोन प्रतींत लिहावी आणि एका प्रतीवर तारीख, सही व शिक्का घेऊन पोच आपल्याजवळ ठेवावी. कोणी पोच देण्यास नकार दिला तर तीच तक्रार रजिस्टर टपालाने पाठवावी.

मोबाईलवरील छळ

समाजमाध्यमांवरील त्रासाबद्दल अनेकजण अजूनही माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-अ चा उल्लेख करतात. ते कलम आता अस्तित्वात नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली आणि देशभर खळबळ उडाली. त्यानंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरविले. "त्रासदायक" मजकूर एवढ्यावरून कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही, असा त्याचा अर्थ. टीका व मतभेद हे छळ नव्हेत, हे आंबेडकरी चळवळीतील माणसाला वेगळे सांगायला नको. चळवळ टीकेवरच उभी राहिली.

उरलेली कलमे मात्र पुरेशी धारदार आहेत. दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख वापरणे कलम ६६-क खाली, तोतया बनून फसविणे ६६-ड खाली, आणि संमतीशिवाय खाजगी अवयवांचे छायाचित्र काढणे वा पसरविणे ६६-इ खाली गुन्हा आहे. या तिन्हींना तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अश्लील मजकूर प्रसारित करणे कलम ६७ खाली येते, लैंगिक कृत्याची दृश्ये ६७-अ खाली आणि बालकांची तशी दृश्ये ६७-ब खाली.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, म्हणून जुने क्रमांक बदलले आहेत. स्त्रीचा पाठलाग करणे वा इंटरनेटवरील तिच्या हालचालींवर पाळत ठेवणे आता कलम ७८ मध्ये आहे, चोरून चित्रण करणे ७७ मध्ये, विनयभंग होईल असे शब्द वा हावभाव ७९ मध्ये, धमकी ३५१ मध्ये आणि बदनामी ३५६ मध्ये. निनावी राहून धमकी दिली तर कलम ३५१ नुसार दोन वर्षांपर्यंतची आणखी शिक्षा होऊ शकते. फोटो पसरविण्याची भीती घालून पैसे मागणे ही खंडणी आहे. तिच्यासाठी कलम ३०८ आहे.

पोलीस ठाण्यात गेल्यावर 'दखलपात्र' व 'अदखलपात्र' हा भेद उपयोगी पडतो. अदखलपात्र तक्रारीची केवळ नोंद होते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आपल्याकडे 'एनसी' म्हणतात ती हीच. साधी धमकी व बदनामी बहुधा याच वर्गात मोडतात. परंतु माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील तीन वर्षे व त्याहून अधिक शिक्षेचे गुन्हे दखलपात्र आहेत. म्हणून कोणी मुलीच्या नावाने खोटे अकाउंट उघडून बदनामी केली असेल, तर तक्रारीत खोट्या अकाउंटचा उल्लेख ठळकपणे करावा. "बदनामी केली" एवढेच लिहिले तर हाती एनसीचा कागद येण्याचा संभव आहे.

पीडित अठरा वर्षांखालील असेल आणि छळाला लैंगिक स्वरूप असेल, तर 'पॉक्सो' हा २०१२ चा कायदा लागू होतो. तो मुलगा व मुलगी दोघांनाही सारखेच संरक्षण देतो. मुलांच्या वसतिगृहांनी हे विशेष लक्षात ठेवावे. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळते त्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडविल्यास एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील चिमुकल्या मुलींच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळविल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनातील व्यक्तींवरही गुन्हा नोंदला गेला होता.

ग्रुपच्या ॲडमिनविषयीही बरेच गैरसमज आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे म्हटले की, सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी दोषी ठरत नाही. त्याचा समान हेतू वा पूर्वनियोजन दिसावे लागते. कायद्याने वाचणे ही एक गोष्ट झाली. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कोणाची जात काढली जात असताना ॲडमिनने गप्प बसणे ही दुसरी, आणि तिचा हिशेब प्रत्येकाने स्वतःशी करायचा आहे.

जातीवरून अपमान

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ हे आपले मोठे संरक्षण आहे, परंतु त्याच्या अटी नीट समजून घेतल्या पाहिजेत. लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी अपमान करण्याच्या हेतूने हिणविणे वा धमकावणे, जातीचे नाव घेऊन शिवीगाळ करणे, या समाजांविषयी लेखी वा तोंडी शब्दांनी द्वेष पसरविणे, आणि या समाजांना वंदनीय असलेल्या दिवंगत महापुरुषाचा अवमान करणे, हे कलम ३ खाली गुन्हे आहेत. बाबासाहेबांविषयी घाणेरड्या चित्रफिती पसरविणारे या शेवटच्या तरतुदीत येतात.

'लोकांच्या दृष्टीस पडेल असे ठिकाण' ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या हितेश वर्मा खटल्यात अधोरेखित केली. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेल्या बोलण्याला हे कलम लागत नाही. इंटरनेटवर सर्वांसाठी खुला असलेला व्हिडिओ मात्र या अटीत बसतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. तसेच पीडित अनुसूचित जातीचा आहे एवढे पुरेसे नाही. अपमान जातीच्या कारणावरून झाला असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. म्हणून तक्रारीत उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. ते लिहायला लाज वाटते, पण "जातीवाचक बोलला" एवढ्यावर न्यायालयात खटला टिकत नाही.

आपल्या बौद्ध पालकांना एक शंका नेहमी पडते : दाखल्यावर धर्म बौद्ध आहे, मग हा कायदा आपल्याला लागू होतो का? होतो. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला आहे. जातीचा दाखला मात्र वेळेवर काढून ठेवावा.

या कायद्याखाली गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. २०१८ मध्ये घातलेले कलम १८-अ तसे सांगते. तपास पोलीस उपअधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी करतो. पीडितांना टप्प्याटप्प्याने अर्थसाहाय्य मिळते आणि कलम १५-अ नुसार पीडित व साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क आहे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, स्वतः अनुसूचित जाती-जमातीच्या नसलेल्या लोकसेवकालाही कलम ४ खाली शिक्षा आहे.

येथे एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. हिणविणारा स्वतः अनुसूचित जाती वा जमातीचा असेल तर कलम ३ मधील हे गुन्हे त्याच्यावर लागू होत नाहीत. आपल्या निवासी शाळांत छळणारा आणि छळला जाणारा दोघेही अनेकदा याच समाजांतले असतात. एखाद्या कातकरी मुलाला आपल्यातलीच मुले "तुम्ही उंदीर खाता" म्हणून हिणवतात, तेव्हा अत्याचार कायदा त्याच्या मदतीला येत नाही. १९९९ चा कायदा येतो. त्याहून आधी आपण यायला हवे. जातिव्यवस्था ही चढत्या श्रेणीची उतरंड आहे, असे बाबासाहेबांनी विशद केले. त्या उतरंडीची एक पायरी आपल्या झोपण्याच्या खोलीत उभी असेल, तर ती आपणच मोडली पाहिजे.

छळणारा मूल असेल तेव्हा

अठरा वर्षांखालील मुलाविरुद्धची तक्रार नेहमीच्या न्यायालयात चालत नाही. ती बाल न्याय मंडळासमोर जाते. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, त्यात कोणी सज्ञान सामील नसेल तर, सामान्यतः गुन्हा नोंदविला जात नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होऊन मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे जातो. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. मंडळ समुपदेशन, समाजसेवा, देखरेख असे आदेश देऊ शकते. पुढील आयुष्यात ही बाब त्याच्या आड येऊ नये, असेही २०१५ चा बाल न्याय अधिनियम म्हणतो.

काही पालकांना हे अपुरे वाटते. परंतु पीडित मुलाला हवे असते ते त्रास थांबणे, आणि ते या मार्गाने साधू शकते. दुसरीकडे, "त्या मुलाचे आयुष्य बरबाद होईल" म्हणून तक्रार दाबणाऱ्यांचाही आधार यातून निघून जातो. मुलाच्या भवितव्याची काळजी कायद्याने आधीच घेतली आहे. छळणारा शिक्षक, अधीक्षक वा कर्मचारी असेल तर मात्र गोष्ट निराळी. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत, आणि बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ नुसार मुलांची देखभाल करणाऱ्या संस्थेतील कर्मचाऱ्याच्या क्रूरतेला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

पुरावा जपणे

संतापाच्या भरात मेसेज पुसून टाकणे ही सर्वांत मोठी चूक. स्क्रीनशॉट असा घ्यावा की त्यात पाठविणाऱ्याचा क्रमांक वा अकाउंटचे नाव, तारीख आणि वेळ दिसेल. पोस्टची लिंक स्वतंत्र लिहून ठेवावी. एका वहीत दिवसवार नोंद करावी : काय घडले, कोण हजर होते. मारहाण झाली असेल तर त्याच दिवशी जुन्नर, मंचर वा घोडेगावच्या सरकारी रुग्णालयात तपासणी करून कागद घ्यावा.

विद्युत पुराव्याविषयीचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातूनच आला आहे. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर व कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की, अशा नोंदीची प्रत सादर करताना प्रमाणपत्र आवश्यक आहे. मूळ साधनच त्याच्या मालकाने न्यायालयात हजर केले तर त्याची गरज नाही. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचा नमुना दिला आहे. तात्पर्य असे की, ज्या मोबाईलवर मेसेज आला तो विकू नये, त्यातील मजकूर पुसू नये.

एक अपवाद कटाक्षाने पाळावा. अठरा वर्षांखालील मुलाचे नग्न वा लैंगिक दृश्य आले असेल तर ते "पुरावा म्हणून" कोणालाही पाठवू नये, शिक्षकालाही नाही. ते पुढे पाठविणे हाच गुन्हा आहे. पाठविणाऱ्याचे नाव, वेळ व लिंक लिहून घ्यावी आणि मोबाईल थेट पोलिसांकडे न्यावा.

तक्रार कोठे करावी?

जुन्नर तालुक्यात जुन्नर, नारायणगाव, ओतूर व आळेफाटा, तर आंबेगाव तालुक्यात मंचर, घोडेगाव व पारगाव येथे पोलीस ठाणी आहेत. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार जवळच्या ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. हीच 'झिरो एफआयआर'. पुण्यात शिकणाऱ्या मुलीचे वडील ओतूरला तक्रार देऊ शकतात. माहिती ऑनलाइनही देता येते; मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिला तर पुणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवावी, आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

सायबर तक्रारींसाठी केंद्र शासनाचे राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टल आहे; पैशांची फसवणूक झाली असल्यास ताबडतोब १९३० वर फोन करावा. मुलांसाठी १०९८, तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२, अत्याचार कायद्याविषयी १४५६६, महाविद्यालयीन रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हे क्रमांक आहेत. मूल खचले असेल, जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नये. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. कायदा त्यानंतर.

मजकूर हटविण्यासाठी त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. २०२१ च्या नियमांनी प्रत्येक कंपनीला असा अधिकारी नेमणे बंधनकारक केले आहे. त्याचा निर्णय पटला नाही तर तीस दिवसांत केंद्राच्या अपील समितीकडे जाता येते. मात्र आधी पुरावा जपावा, मग मजकूर हटवावा.

वकिलाचा खर्च हे गप्प बसण्याचे कारण राहू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया व बालके यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जुन्नर व घोडेगाव येथील न्यायालयांत तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा लागतो. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. शासकीय आश्रमशाळेतील तक्रार घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातही देता येते.

संस्थेचे नाव

इतके मार्ग असूनही तक्रारी का होत नाहीत? अनेक वर्षे या परिसरात शिकविताना मी एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडांतून ऐकले आहे : "संस्थेचे नाव जाईल." हे वाक्य बोलणारी माणसे वाईट नसतात. ज्यांनी मुठी-मुठी धान्य गोळा करून, पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरवून या संस्था उभ्या केल्या, त्यांना संस्था जिवाच्या पलीकडे प्रिय असते. पण ती कोणासाठी उभी केली, याचा विसर पडू देता कामा नये. दाबलेली तक्रार मिटत नाही. ती त्या मुलाच्या मनात राहते आणि पुढे एखाद्या दिवशी त्याच्या किंवा दुसऱ्या मुलाच्या जिवावर बेतते. ज्या संस्थेत तक्रार नोंदली जाते, चौकशी होते आणि पालकाला लेखी उत्तर मिळते, तिथे गोरगरिबाने आपले लेकरू विश्वासाने ठेवावे. ज्या संस्थेत "आजवर एकही तक्रार नाही" असे अभिमानाने सांगितले जाते, तिथे पालकाने दोन प्रश्न अधिक विचारावेत.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांपुढे चार कामे ठेवावीशी वाटतात. प्रत्येक वसतिगृहात तक्रारींची पाने क्रमांकित केलेली नोंदवही असावी आणि तिचे वाचन दर महिन्याला पालक-प्रतिनिधींसमोर व्हावे. मुलांची नावे मात्र उघड करू नयेत. तक्रारपेटीची किल्ली अधीक्षकांकडे न ठेवता बाहेरच्या विश्वासू व्यक्तीकडे ठेवावी. जे माजी विद्यार्थी वकील झाले आहेत त्यांनी वर्षातून दोनदा येऊन मुलांशी व पालकांशी बोलावे. आणि वर दिलेले क्रमांक मोठ्या अक्षरांत छापून भोजनगृहात, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावावेत. कार्यालयातल्या भिंतीवर ते मुलांना दिसत नाहीत.

जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. कोणी पाण्याचे टाके दिले, कोणी विहार दिला, कोणी शेत दिले. दान वाटसरूच्या उपयोगी पडावे आणि त्याची नोंद दगडावर राहावी, असे त्या माणसांना वाटले. आपल्या विद्यालयाला इमारत, संगणक, पुस्तके देणारे दाते लाभले आहेत. येत्या वर्षी कोणी तरी या मुलांना एका दिवसाचा वेळ द्यावा, सोबत बसून तक्रार लिहून द्यावी आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्या त्यांच्याबरोबर चढाव्यात. त्या दानाची नोंद दगडावर होणार नाही. ज्याच्यासोबत पायऱ्या चढलात, ते मूल ती ठेवील.

जय भीम! नमो बुद्धाय!